समाजशास्त्राची एकच जागा भरायचीय, निवड समितीत बसून बघायचं काय?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतो. कुठलं ते विचारू नका. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि संभाजीनगरचं विधी विद्यापीठ सोडलं तर आपल्याकडं सरकारी विद्यापीठं दोनच, संभाजीनगरचं १९५८ चं आणि नांदेडचं १९९४ चं. ओळखणारे ओळखतीलच, पण नाव माझ्या तोंडून नको.

विभागप्रमुखपद फिरत फिरत माझ्याकडं आलंय, आणि नेमकी आताच आमच्याकडं सहायक प्राध्यापकाची जागा निघाली. एकच. मंजूर जागांतल्या निम्म्या रिकाम्या आहेत. सर लोक निवृत्त होत गेले, नावाच्या पाट्या निघाल्या, खुर्च्या तशाच राहिल्या आणि एम.ए.चे तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, पोरांनी ओढले. बिंदुनामावली (आरक्षणाची यादी), मावकची म्हणजे मागासवर्ग कक्षाची मान्यता, ना हरकत, जाहिरात असं सगळं पार पडून आता अर्ज आलेत. छाननी झाली की मुलाखती. विभागप्रमुख समितीत असतोच, म्हणून मी. आजवर त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाच बसलोय.

अर्जांचा गठ्ठा वरवर चाळला. कागदावर सगळी पोरं सारखीच दिसतात हो. नेट नाहीतर सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), पीएच.डी., पाच-सहा शोधनिबंध, कुठल्या तरी संपादित ग्रंथात एक प्रकरण, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं. शोधनिबंधांची शीर्षकं एकाची दुसऱ्याला लावली तरी कुणाला कळणार नाही. महिला सक्षमीकरण, बचत गट, 'एक समाजशास्त्रीय अभ्यास', आणि शेवटी तालुका बदलायचा. केज काढून परतूर टाका, झाला नवा निबंध. माझ्या पिढीनं तरी वेगळं काय केलं म्हणा.

आमची गरज मला माहीत आहे. संशोधन पद्धती शिकवणारं माणूस नाही. सिद्धांत शिकवायचा तर सर आले की डिक्टेशन सुरू, पोरं लिहून घेतात आणि परीक्षेत तेच ओतून मोकळी होतात. पोरं येतात आष्टी, घनसावंगी, सोनपेठकडून. बी.ए. मराठीतून झालेलं, वाचायचं साहित्य इंग्रजीत, काही जणांचं शिक्षण उर्दूतून. निम्म्यांचा एक डोळा एमपीएससीकडं. या पोरांपुढं उभं राहील असं माणूस पाहिजे.

घोर एवढ्यासाठी की चुकीचा माणूस आला तर तो जात नाही. लेव्हल १० ला ५७,७०० मूळ वेतनावर आज पस्तिशीचा उमेदवार आला तर साठाव्या वर्षापर्यंत तो इथंच. पुढची पंचवीस वर्षं येणाऱ्या पोरांचं बरंवाईट पंधरा-वीस मिनिटांत ठरवायचं.

आणखी दोन गोष्टी. अर्जदारांत आमच्याच विभागातून पीएच.डी. झालेले तिघं आहेत, एक तर माझ्या बाजूच्या केबिनवाल्या सरांचा विद्यार्थी. घरचा घ्यावा की बाहेरचा? आणि फोन सुरू झालेत. एक पाहुण्यांचा, एक अशा माणसाचा की ज्याला 'बघतो' म्हणण्यावाचून इलाज नसतो.

कुलगुरू, कुलपतींचे प्रतिनिधी, बाहेरचे तीन तज्ज्ञ, अधिष्ठाता, एवढ्या मंडळीत मी काय विचारावं? एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दोन व्याख्या विचार अन् मोकळा हो." तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत बसलं असेल, आत किंवा बाहेर, तर मनापासून सांगा.

---

टेबल_चार

सर, मी प्राध्यापक नाही. आस्थापना विभागात आहे, तुमच्या विद्यापीठात नाही. शिक्षक भरतीच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. विद्वत्तेचं मास्तर लोक सांगतील, मी कागदाचं सांगतो, कारण भांडण शेवटी कागदावरच होतं.

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली राज्यानं ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं लागू केली. तीत विद्यापीठासाठी तक्ता ३-अ आहे. पदवीला जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला ३०, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३, शोधनिबंधांना १०, अनुभवाला १०, पुरस्कारांना ३. हा तक्ता मुलाखतीला कुणाला बोलवायचं एवढ्यापुरताच आहे. मूळ नियमावलीत निवड फक्त मुलाखतीवर. राज्यात गुणांच्या विभागणीवरून पुढं बदल झालेत, म्हणून तुमच्या जाहिरातीत जो शासन निर्णय छापलाय तोच धरा, व्हॉट्सअपवर फिरतो तो नको.

या तक्त्याची गंमत बघा. ३० जून २०२३ च्या दुरुस्तीनं सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. ऐच्छिक झाली, नेट-सेट पुरतं. आता दोन उमेदवार घ्या, दोघांना बी.ए.ला ६२ टक्के, एम.ए.ला ६४. म्हणजे तक्त्याप्रमाणे १३ आणि २३ गुण. पहिल्याकडं नेट, पीएच.डी., पाच निबंध, पाच वर्षं अनुभव. बेरीज ९१. दुसरी नुकतीच जेआरएफ काढलेली हुशार पोरगी, एक निबंध. बेरीज ४५. पात्र दोघंही, पण यादी वरून कापली की ती पोरगी तुमच्यासमोर येणारच नाही. किती जणांना बोलवायचं हे छाननीच्या वेळी ठरतं. तिथं तोंड उघडा, मुलाखतीच्या दिवशी उपयोग नाही.

बाकी नेहमीची दुखणी. ११ जुलै २००९ च्या आधी पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांचं, नेट-सेटमधून सूट मागायला लागतं ते, पाच अटींचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. एमएसडब्ल्यूवाले (समाजकार्य झालेले) समाजशास्त्राला अर्ज करतात, संलग्न विषय धरायचा की नाही हे आधी ठरवा. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा झाला की थेट खंडपीठ. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध पाहिजे. गणपूर्ती चारची, त्यात बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ पाहिजेतच. तज्ज्ञांची रेल्वे चुकली म्हणून मुलाखती पुढं ढकललेल्या मी बघितल्यात.

आणि गुणपत्रकावर खाडाखोड नको. माहिती अधिकारात पहिली मागणी त्याचीच होते.

---

मास्तर_रिटायर

व्याख्या विचारून मोकळं व्हायचा सल्ला देणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. असल्याच मुलाखतींतून लागलेले लोक आज डिक्टेशन देतायत.

चारवाल्या साहेबांनी कागदाचं चोख सांगितलं. मी विषयतज्ज्ञ म्हणून या खोल्यांत बरंच बसलोय, वादही घातलेत. माझं म्हणणं एकच आहे. समाजशास्त्राच्या उमेदवारात मी एवढंच बघतो की माणसांमध्ये गेल्यावर याचा प्रश्न बदलला का. घरून नेलेला प्रश्न जशाच्या तसा परत घेऊन आला असेल तर त्यानं फिल्डवर्क केलंच नाही, किंवा केलं ते डोळे मिटून.

हे बघायला मुलाखतीची वाट बघू नका. उमेदवारांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आहेत, घरबसल्या उघडतात. सगळा वाचायला कुणाला वेळ आहे, संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि निष्कर्ष तेवढे वाचा. आपल्याकडच्या प्रबंधांचा साचा ठरलेला. तीनशे उत्तरदाते, यादृच्छिक नमुना निवड (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) म्हणून लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सरपंचानं चावडीवर जमवलेली माणसं. मग टक्केवारीच्या सारण्या, आणि खाली सारणीत जे दिसतं तेच वाक्यात. शेवटी सगळी गृहीतकृत्यं, म्हणजे आधी मांडलेले अंदाज, सत्य ठरतात. मला आजवर गृहीतकृत्य खोटं ठरल्याचं मान्य करणारे प्रबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. असा एखादा सापडला तर त्या उमेदवाराच्या नावापुढं खूण करून ठेवा.

एक मुलाखत सांगतो. धारूर-वडवणीच्या पट्ट्यातली मुलगी होती. विषय ऊसतोड मजुरांची मुलं आणि शाळा. आत आली तीच घाबरून. कुणीतरी पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञावर विचारलं, गडबडली. अधिष्ठाता घड्याळ बघायला लागले. मी विचारलं, "तुमच्या अनुसूचीतला, म्हणजे मुलाखतीच्या प्रश्नांच्या यादीतला, कोणता प्रश्न फसला?" बाकीच्यांना वाटलं मी खोडी काढतोय. ती मात्र पहिल्यांदा सरळ बसली. म्हणाली, "सर, कुटुंबप्रमुखाचं उत्पन्न किती, हा."

मग ती जे बोलली ते ऐकण्यासारखं होतं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडप्याच्या कामावर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाच्या वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचं. बाईला उत्पन्न विचारलं तर म्हणते, मला काय ठाव, त्यांना विचारा. नवऱ्याला विचारलं तर तो मुकादमाकडं बोट करतो, कारण फिटलं किती अन् अंगावर राहिलं किती हे त्यालाही पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, कळतं. मग 'उत्पन्न' या रकान्यात काय लिहायचं? या मुलीनं दिवाळीआधी गावात भरून घेतलेल्या अनुसूची बाजूला ठेवल्या आणि कारखान्यावर जाऊन मजुरांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांत) नव्यानं सुरुवात केली. बायका पहाटे अंधारात फडात जातात, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहतात, म्हणून बोलायचं ते रात्री चुलीपुढं, भाकरी थापता थापता. तिथं तिला दिसलं की गावच्या शाळेच्या हजेरीपटावर जे पोरगं हजर आहे ते इथं कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसलंय. मग तिनं प्रबंधाचा प्रश्नच फिरवला. मुलं शाळा का सोडतात, हे टाकून दिलं आणि हजेरीपट कसा तयार होतो, हे धरलं.

माझ्या मते ती त्या दिवशीची सगळ्यात चांगली उमेदवार होती. लागली का? नाही. पार्सन्स आडवा आला, मी एकटा पडलो. पुढं दुसरीकडं लागली आणि चांगलं शिकवते असं ऐकतो.

तुम्हाला जो प्रश्न सगळ्यांना सारखा विचारता येईल तो सांगतो, कारण सारखं विचारलं नाही तर तुलना कशाची करणार. दुर्खीम म्हणजे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. विचारा, "दुर्खीमचा आत्महत्येचा अभ्यास मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना कसा शिकवाल?" दहातले नऊ जण शेतकरी आत्महत्येवर उडी मारतील. मारू द्या. प्रमाणकशून्यता (समाजाचे नियम ढिले पडणं), दुष्काळ, कर्ज, सगळं म्हणू द्या. मग शांतपणे विचारा, "या आकड्यांची नोंद कोण करतं?" इथं खरी परीक्षा सुरू होते. दुर्खीमनं १८९७ मध्ये सरकारी आकडेवारीवरच सगळी इमारत उभी केली होती. आपल्याकडं शेतकरी आत्महत्या मदतीला पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत ठरतं. जमीन नावावर आहे का, कर्ज कुणाचं, हे कागद बघून. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख. मग बटईनं कसणाऱ्याचं काय? शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं काय? ती मेली तर शेतकरी म्हणून मेली की गृहिणी म्हणून? ज्या उमेदवाराला ही पायरी चढता येते, किंवा तुम्ही बोट धरल्यावर तरी चढता येते, त्याला दुर्खीमही कळलाय आणि जिल्हाही. जो पुन्हा प्रमाणकशून्यतेची व्याख्या म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

तिसरं म्हणजे भाषा. अर्ध्या पानाचा इंग्रजी उतारा द्या, एखाद्या शोधनिबंधातला, अवघड नको. पाच मिनिटं वाचू द्या आणि सांगा, हे घनसावंगीच्या पोराला मराठीत सांगा. तुमचं निम्मं काम तेवढ्यात होईल. कुणी शब्दाला शब्द ठेवत जाईल, कुणी उतारा सोडून भाषण ठोकेल. एखादाच असा निघतो की लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते आधी सांगतो आणि मग फळ्याकडं वळतो. नियमावलीतही वर्गासारखं व्याख्यान घेऊन बघायची मुभा आहे. कुणी घेत नाही, कारण वेळ जातो आणि सगळ्यांसमोर सगळं उघडं पडतं.

घरचा की बाहेरचा? काम वाचा, प्रमाणपत्रावरचा शिक्का नको. पण विभागात सगळेच एका गाईडच्या हाताखालचे असतील तर चौथा तसलाच घेऊ नका. विद्यार्थ्यांना एकच राग चार गळ्यांतून ऐकायला मिळतो. बाजूच्या केबिनवाल्या सरांना मुलाखतीच्या आधी उमेदवारांबद्दल बोलू देऊ नका, वाईट वाटलं तरी चालेल.

फोनचं म्हणाल तर ते येणारच. माझी सवय सांगतो. उमेदवार बाहेर पडला की कुणी बोलायच्या आत मी माझ्या वहीत दोन ओळी आणि गुण पेनानं लिहून टाकायचो. चर्चा सुरू झाली की वजनदार माणूस आधी बोलतो आणि आपल्याला आपलंच मत आठवेनासं होतं. वही पुढं असली की निदान का झुकलो ते तरी कळतं.

---

तासिकावाला_लातूर

सर, मी टेबलाच्या अलीकडचा. नेट, पीएच.डी., दहा वर्षांच्या वर तासिका तत्त्वावर शिकवलालो. तुमच्या जागेला अर्ज केलाय की नाही ते सांगत नाही.

चारवाल्या साहेबांनी तक्ता दिला, त्यातलं एक राहिलं. अनुभवाला वर्षाला दोन गुण, कमाल दहा. म्हणजे पाच वर्षांनंतरचं सगळं फुकट. ते दहा तरी मिळतील का यावर छाननीत वाद. नेमणूक पत्र दाखवा, विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र दाखवा, तासांचं विवरण दाखवा. मान्यता दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते, ती येईस्तोवर सेमिस्टर संपत आलेलं असतं. शिकवलं जूनपासून अन् कागदावर ऑक्टोबरपासून. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये, महिन्याला ५०,००० पर्यंत असं सांगितलं. आमच्या हातात काय पडतं ते विचारू नका, अन् कधी पडतं तेही. दिवाळीची सुट्टी अन् उन्हाळा कोरडा.

या वर्षांत मी काय केलं? बी.ए.चे तिन्ही वर्षांचे पेपर शिकवले. नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) सात निकषांतल्या दोन फायली लिहिल्या, सही दुसऱ्याची. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस पोरांबरोबर राहिलो. परीक्षेत सुपरव्हिजन. आणि जिल्ह्यातल्या एका अनुदानित संस्थेत कायम जागा निघाली तेव्हा मुलाखतीच्या आधीच एका माणसानं घरी येऊन आकडा सांगितला. वडिलांची जमीन कोरडवाहू. ती सगळी विकली असती तरी आकडा निम्मासुद्धा भरला नसता. वडील म्हणाले, इकायची का? मी नाही म्हणालो. मुलाखतीला गेलो, चहा मिळाला, "थोडक्यात ओळख सांगा" एवढंच विचारलं.

म्हणून सर, तुमच्या हातात असंल तर एक करा. आमच्यासारख्याला प्रश्न तरी विचारा. पंधरा मिनिटं ठरली असतील तर पंधरा मिनिटं बसवा. नाही घेतलं तरी चालंल, पण ह्याला काहीतरी येतं का एवढं तरी कुणीतरी बघितलं असं वाटू द्या. तालुक्याहून पहाटेची एसटी धरून, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून उभ्यानं आलेला माणूस असतो तो.

मास्तरांचा दुर्खीमचा प्रश्न झकास. पण एक सांगतो, तासिकावाल्याला शोधनिबंधापेक्षा वर्ग जास्त माहीत असतो. उताऱ्याचं ते जरूर करा. आमचं नाणं तिथं वाजतं.

---

गोदाकाठचा

तासिकावाले सर, वाचलं. वेळेचं माझ्याकडून पाळलं जाईल, बाकीच्या सदस्यांनाही आधीच सांगतो.

चारवाले, छाननीबद्दल बरं झालं वेळेवर बोललात. या जागेला किती जण बोलवायचे यावर पुढच्या बैठकीत बोलणार आहे. यादी थोडी लांबवली तर मुलाखती दोन दिवस चालतील, एवढंच ना. तज्ज्ञांचा एक दिवसाचा मुक्काम वाढेल, लेखा विभाग ओरडेल. ओरडू दे.

मास्तर, काल तीन प्रबंध उघडले. एकात तर दुसऱ्या जिल्ह्याचं नाव तसंच राहिलंय, पान उचललेलं. एक मात्र चांगला निघाला. पैठणच्या जायकवाडीतल्या धरणग्रस्तांवर आहे, आणि त्यात लिहिलंय की आमचं दुसरं गृहीतकृत्य टिकलं नाही. तुम्ही म्हणालात तशी खूण केलीय.

---

पाथरीची_मी

सर, मी एम.ए. समाजशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या विभागात. मोठ्यांच्या चर्चेत बोलू का नको असं वाटत होतं, पण शिकायचं तर आम्हालाच आहे ना.

आम्हाला आधी असं माणूस द्या जे वर्गात येतं. खरंच. वेळापत्रकात असतं आणि येत नाही, असं चालतं.

मागच्या वर्षी आमच्याकडं तासिकेवर एक मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावात नेलं. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, आमच्यातल्या कुणाचा जन्मही नव्हता. आम्ही प्रश्नावल्या घेऊन निघालो होतो, मॅडमनी त्या बॅगेतच ठेवायला लावल्या. म्हणाल्या, आधी सरळ रेघेतल्या या घरांचा नकाशा काढा आणि संध्याकाळी कोण कुणाच्या ओट्यावर बसतं ते त्यावर मांडा. जुन्या गावात गल्लीला भावकी होती, नव्या गावात घर नंबरानं मिळालं. तरी संध्याकाळी माणसं दोन-दोन रांगा ओलांडून जुन्या शेजाऱ्याकडंच जाऊन बसायची. एक आजी आम्हाला म्हणाल्या, "घर सरकारनं दिलं, शेजार कोण देणार?" मला सामाजिक जाळं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, नोट्समध्ये तीन पानं लिहिली होती तेव्हा नव्हतं कळलं.

त्या मॅडम यंदा नाहीत. त्यांचे तास कमी झाले म्हणे.

मुलाखतीत विद्यार्थ्यांना मागं बसू देतात का? वर्गासारखं व्याख्यान घेणार असाल तर समोर खरा वर्ग बसवा की. कोण आमच्याकडं बघून बोलतं आणि कोण कुलगुरूंकडं, ते आम्ही लगेच सांगू.

---

मास्तर_रिटायर

पाथरीच्या ताई, तुमचं बरोबर आहे. व्याख्यान वेगळ्या सत्रात घेतलं आणि समोर विद्यार्थी बसवले तर अडचण नाही, गुण फक्त समितीनं द्यायचे. मुलाखतीच्या खोलीत मात्र विद्यार्थी नकोत, तिथं गोपनीयतेचा प्रश्न येतो. त्या मॅडमना म्हणावं, अर्ज करा.

गोदाकाठचे, टिकलं नाही असं लिहिणाऱ्याला जास्त लाडानं विचारू नका. त्यालाही तेच प्रश्न, तेवढाच वेळ. नाहीतर तुमचीच शिफारस होऊन बसायची.

---

टेबल_चार

व्याख्यान किंवा उतारा घेणार असाल तर मुलाखत पत्रातच तसं लिहा. ऐनवेळी घेतलं की न आलेला उमेदवार म्हणतो, मला सांगितलंच नाही. सगळ्यांना उतारा एकच, वेळ एकच, आणि आत गेलेला उमेदवार बाहेर थांबलेल्यांना भेटणार नाही अशी बसायची सोय करा. दोन दिवस मुलाखती असतील तर दुसऱ्या दिवशी उतारा दुसरा, पण तितक्याच अवघडीचा. दोन्ही उतारे तज्ज्ञांकडून आणा, विभागातून काढू नका.

आणि प्रती त्याच दिवशी सकाळी कार्यालयातल्या मशीनवर काढा. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं पाठवू नका, आमच्याकडं एकदा त्याचा भाचाच उमेदवार निघाला होता.